लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणा, शासकीय

लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणा, शासकीय : लोकसेवकांनी आपल्या पदाचा वैयक्तिक लाभासाठी केलेला गैरवापर शोधून काढणे, त्याचे अन्वेषण करणे, दोषी व्यक्तींवर न्यायालयीन वा खातेनिहाय कारवाई घडवून आणणे आणि अशा गैरवापरास वाव देणारी कार्यपद्धती सुधारण्याचे उपाय सुचविणे, या कार्यांसाठी शासनाने कायद्याने वा प्रशासकीय निर्णयाने निर्माण केलेल्या संस्थांचा समूह. भारतात अशी एकच संस्था नाही. गुन्ह्याचे अन्वेषण करणारी पोलीस संघटना, प्रशासनांतर्गत दक्षता ठेवणारे आयोग व अधिकारी आणि नागरिकांच्या तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणारे लोकपाल व लोकायुक्त असे तिचे तीन प्रमुख घटक आहेत. महाराष्ट्रात पहिल्या प्रकारचे कार्य लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो.

या संस्थांच्या अधिकारांचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच लक्षात घ्यावयास हवे. अन्वेषणाचा अधिकार एका संस्थेकडे, अन्वेषणास पूर्वमान्यता व खटल्यास मंजुरी देण्याचा अधिकार शासनाकडे आणि शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाकडे, अशी ही विभागणी आहे. प्रामाणिक अधिकाऱ्यास खोट्या तक्रारींपासून संरक्षण मिळावे आणि अन्वेषण करणाऱ्यांच्या हाती अनिर्बंध सत्ता एकवटू नये, हा तिचा हेतू. तथापि ज्या शासनातील व्यक्तींची चौकशी व्हावयाची, त्याच शासनाच्या अनुमतीवर चौकशी अवलंबून राहते, ही अडचणही तीतूनच उद्‌भवते. या यंत्रणेचा इतिहास म्हणजे बव्हंशी या दोन बाजूंचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : राजसेवकांच्या अपहाराची चिंता राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे. कौटिल्याच्या *अर्थशास्त्रात* राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार वर्णिले असून ते शोधून काढण्याच्या पद्धतीही सांगितल्या आहेत. ब्रिटिश अंमलात १८६० च्या भारतीय दंड संहितेने लोकसेवकाने लाच घेणे हा अपराध ठरविला. परंतु त्यासाठी स्वतंत्र अन्वेषण संघटना नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी पुरवठ्याचे व्यवहार प्रचंड प्रमाणात वाढले व त्यांतील लाचखोरीच्या तपासासाठी १९४१ मध्ये विशेष पोलीस आस्थापना स्थापन करण्यात आली. तिला १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाने वैधानिक आधार मिळाला. १ एप्रिल १९६३ रोजी स्थापन झालेल्या केंद्रीय अन्वेषण विभागात (सीबीआय) ती समाविष्ट झाली. दरम्यान १९४७ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम संमत झाला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात नियोजन, परवाने व नियंत्रणे यांमुळे शासनाचे कार्यक्षेत्र विस्तारले आणि त्याबरोबर गैरव्यवहाराच्या संधीही वाढल्या. मुंध्रा प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मु. क. छागला यांच्या आयोगाने १९५८ मध्ये उघड चौकशी केली आणि केंद्रीय अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५९ मध्ये उच्चपदस्थांविरुद्धच्या आरोपांसाठी कायम स्वरूपाचे निःपक्षपाती न्यायाधिकरण असावे, अशी सूचना केली. ती त्यावेळी स्वीकारली गेली नाही. १९६२ मध्ये नेमलेल्या के. संथानम समितीने १९६४ मध्ये अहवाल सादर केला. तिच्या शिफारशीनुसार १९६४ मध्येच केंद्रीय दक्षता आयोग अस्तित्वात आला. प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये स्वीडनमधील १८०९ पासूनच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याच्या धर्तीवर लोकपाल व लोकायुक्त ही पदे निर्माण करण्याची शिफारस केली.

१९४७ च्या अधिनियमाची जागा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ याने घेतली. दंड संहितेतील लाचविषयक कलमे वगळून ती त्यात एकत्र करण्यात आली. २६ जुलै २०१८ पासून अंमलात आलेल्या सुधारणांनी या अधिनियमात महत्त्वाचे फेरबदल केले. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी करारास भारताने २०११ मध्ये दिलेले अनुसमर्थन या सुधारणांच्या पार्श्वभूमीस आहे.

महाराष्ट्रातील लाचलुचपत प्रतिबंधक विभाग : तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्यात १९५७ मध्ये हा विभाग स्थापन झाला. पूर्वी दारूबंदीविषयक गुप्तवार्तेचे कामही त्याच्याकडे असे. विभाग गृह खात्याच्या अखत्यारीत असून त्याचे मुख्यालय मुंबईत वरळी येथे आहे. पोलीस महासंचालक वा अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी त्याचा प्रमुख असतो. मुंबई, ठाणे, पुणे, नासिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर व नांदेड अशी त्याची परिक्षेत्रे असून प्रत्येक परिक्षेत्र पोलीस अधीक्षकाकडे व जिल्हा पथक सामान्यतः उपअधीक्षकाकडे असते. विभागातील अधिकारी व कर्मचारी राज्य पोलीस दलातून ठराविक मुदतीसाठी येतात व पुन्हा त्या दलात परततात. विभागाचा स्वतंत्र सेवावर्ग नाही, ही बाब त्याच्या स्वायत्ततेच्या चर्चेत वारंवार पुढे येते. नागरिकांना १०६४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करता येते.

विभागाचे काम तीन प्रकारे चालते. लाचेची मागणी होत असताना आलेल्या तक्रारीवरून सापळा रचणे, हा पहिला प्रकार. लोकसेवकाने ज्ञात उत्पन्नाच्या प्रमाणाबाहेर जमविलेल्या मालमत्तेचा, म्हणजे अपसंपदेचा, तपास हा दुसरा. शासकीय निधीचा अपहार वा पदाचा दुरुपयोग यांचा तपास हा तिसरा. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत प्रथम गुप्त चौकशी, तीत तथ्य आढळल्यास उघड चौकशी आणि त्यानंतर गुन्ह्याची नोंद असा क्रम असतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदविलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात ठरविले. पण भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत प्राथमिक चौकशीस मुभा ठेवली.

अधिकारक्षेत्र : पोलीस हा विषय राज्यघटनेनुसार राज्यसूचीत असल्याने राज्याची व केंद्राची यंत्रणा वेगवेगळी आहे. नागरिकास मात्र दोहोंशी एकाच गावात संबंध येतो. पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) तारापूर-बोईसर परिसर हे याचे बोलके उदाहरण होय. १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूर अणुविद्युत् केंद्र ही केंद्र शासनाच्या उपक्रमाची आस्थापना आहे, तर त्यालगतची औद्योगिक वसाहत राज्याच्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची आहे. बोईसर हे स्थानक पश्चिम रेल्वेचे, म्हणजे केंद्राचे. पण त्याबाहेरील बाजारपेठ ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते. कारखान्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वीजजोडणी व कारखाना निरीक्षण यांसाठी राज्याच्या कार्यालयांकडे जावे लागते. भविष्यनिर्वाह निधी, कामगार राज्य विमा व केंद्रीय वस्तू व सेवा कर यांसाठी केंद्राच्या. जमिनीचा सातबारा उतारा, फेरफार, जातीचा दाखला ही कामे महसूल खात्याकडे असतात. परिसरातील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात व आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे महसुली दप्तरातील एका नोंदीलाही येथे मोठे मोल आहे.

या परिस्थितीत तक्रार कोणाकडे करावी, हे ठरविताना काम कोठे अडले वा पैसा कोणाचा, यापेक्षा लोकसेवक कोणाच्या सेवेत आहे, हे सामान्यतः निर्णायक ठरते. अणुविद्युत् केंद्र, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका व केंद्रीय कर यांतील सेवकाविरुद्धची तक्रार केंद्रीय अन्वेषण विभागाच्या किंवा त्या आस्थापनेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याच्या कक्षेत येते. महसूल, पोलीस, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, नगरपरिषद, औद्योगिक विकास महामंडळ, महावितरण इ. संस्थांतील सेवकाविरुद्धची तक्रार ठाणे परिक्षेत्रातील पालघर पथकाकडे करावयाची असते. केंद्राच्या प्रकल्पासाठी संपादित झालेल्या जमिनीचा मोबदला केंद्राच्या निधीतून मिळत असला, तरी त्याच्या वाटपासाठी लाच मागणारा राज्याचा महसूल सेवक असल्यास प्रकरण प्रायः राज्याच्या विभागाकडे जाते. जिल्ह्यात सापळ्यानंतरचा गुन्हा संबंधित स्थानिक पोलीस ठाण्यात नोंदविला जातो. तपास मात्र विभागाचाच अधिकारी करतो.

केंद्रीय अन्वेषण विभागास राज्यात काम करण्यास १९४६ च्या अधिनियमाच्या सहाव्या कलमान्वये राज्य शासनाची संमती लागते. महाराष्ट्र शासनाने दिलेली सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये मागे घेतली व ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांना मात्र अशा संमतीवाचूनही या विभागाकडे तपास सोपविता येतो.

अपराध व शिक्षा : १९८८ च्या अधिनियमातील ‘लोकसेवक’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. शासकीय सेवक, न्यायाधीश, स्थानिक संस्थांचे व वैधानिक महामंडळांचे सेवक, शासकीय कंपन्यांचे कर्मचारी, विद्यापीठीय परीक्षक, शासकीय साहाय्य घेणाऱ्या विशिष्ट सहकारी संस्थांचे पदाधिकारी इत्यादींचा तीत समावेश होतो. सार्वजनिक कर्तव्य गैरप्रकारे वा अप्रामाणिकपणे करण्यासाठी अथवा केल्याबद्दल अनुचित लाभ घेणे, स्वीकारणे वा घेण्याचा प्रयत्न करणे यास सातव्या कलमान्वये किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. लाभ पैशातच असला पाहिजे, असे नाही. तसेच काम प्रत्यक्षात झाले की नाही, हेही गौण ठरते. आपले वजन वापरून काम करवून देतो, असे सांगून लाभ घेणारा मध्यस्थ खासगी व्यक्ती असला तरी शिक्षेस पात्र होतो. सोपविलेल्या मालमत्तेचा अपहार आणि अपसंपदा हे तेराव्या कलमाखालील गुन्हेगारी गैरवर्तन असून त्यास चार ते दहा वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

२०१८ पासून लाच देणे हाही स्वतंत्र अपराध झाला आहे. ज्यास लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत अन्वेषण यंत्रणेस कळविल्यास तो या अपराधातून मुक्त राहतो. यंत्रणेस आधी कळवून तिच्या साहाय्यार्थ रक्कम देणाऱ्या सापळ्यातील तक्रारदारासही हे कलम लागू होत नाही. औद्योगिक वसाहतींच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. कंपनीशी संबंधित व्यक्तीने कंपनीच्या व्यवसायासाठी लाच दिल्यास कंपनीलाही दंड होऊ शकतो. असे वर्तन रोखण्यासाठी आपण पुरेशी व्यवस्था केली होती, हे सिद्ध करणे हाच तिच्यापुढील बचाव असतो.

अन्वेषणाचे अधिकार व सापळा : अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार तपास सामान्यतः उपअधीक्षक वा साहाय्यक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो, राज्य शासनाने सर्वसाधारण वा विशेष आदेशाने अधिकार दिल्यास पोलीस निरीक्षकही तो करू शकतो. अपसंपदेच्या तपासास पोलीस अधीक्षकाचा आदेश आवश्यक आहे. अशा अधिकाऱ्यांना अटक, झडती, जप्ती, साक्षीदारांना पाचारण व बँकेच्या हिशोबवह्यांची तपासणी असे अधिकार आहेत. न्यायालयाच्या आदेशाने गैरमार्गाने मिळविलेली मालमत्ता गोठविता येते.

सापळा ही या विभागाची सर्वपरिचित कार्यपद्धती होय. तक्रारदाराने लेखी तक्रार दिल्यावर प्रथम लाचेच्या मागणीची पडताळणी होते. यासाठी तक्रारदारासोबत एक पंच पाठवून व ध्वनिमुद्रण करून लोकसेवक खरोखर मागणी करतो की काय, हे पाहिले जाते. पंच प्रायः अन्य शासकीय कार्यालयातील असतात. मागणी सिद्ध झाल्यावर तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात नोंदवून त्यांना फिनॉल्फथेलिनची वा अँथ्रासीनची पूड लावतात. फिनॉल्फथेलिन लागलेला हात सोडियम कार्बोनेटाच्या द्रावणात बुडविला असता द्रावण गुलाबी होते. अँथ्रासीन जंबुपार प्रकाशात चमकते. रक्कम स्वीकारली गेल्यावर तक्रारदार ठरलेली खूण करतो आणि पथक पुढे होते. हाताच्या धुण्याचे नमुने मोहोरबंद करून न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेकडे पाठविले जातात. लाचेची रक्कम पुरावा म्हणून जप्त होत असल्याने ती तक्रारदारास शासनाकडून परत देण्याची व्यवस्था आहे.

केवळ नोटा सापडल्याने गुन्हा सिद्ध होत नाही. मागणी व स्वीकृती या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत; त्या झाल्यावर मात्र विसाव्या कलमान्वये न्यायालयाने रक्कम लाच म्हणूनच घेतली, असे गृहीत धरावयाचे असते व ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर पडतो. पडताळणीवर विभाग एवढा भर का देतो, हे यावरून स्पष्ट होते. तक्रारदार मरण पावला वा फितूर झाला, तर काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता खटल्यात निर्णय दिला. अशा वेळीही अन्य साक्षीदारांच्या वा परिस्थितिजन्य पुराव्याने मागणी व स्वीकृती सिद्ध करता येते, असे त्यात म्हटले आहे.

पूर्वमान्यता व मंजुरी : अन्वेषण यंत्रणेच्या अधिकारांची मर्यादा दोन टप्प्यांवर येते. पहिली २०१८ च्या १७-अ कलमाची. लोकसेवकाने शासकीय कर्तव्य बजावताना केलेल्या शिफारशीशी वा घेतलेल्या निर्णयाशी संबंधित आरोपाची चौकशी करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, असे हे कलम सांगते. निर्णयास तीन महिन्यांची व कारणे नोंदवून आणखी एका महिन्याची मुदत आहे. लाच घेताना जागीच पकडण्याच्या प्रकरणास ही अट नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीस केंद्राची पूर्वमान्यता आवश्यक करणारी १९४६ च्या अधिनियमातील ६-अ ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घटनाबाह्य ठरविली होती. तिने केलेला वरिष्ठ-कनिष्ठ भेद नव्या कलमात नाही. प्रत्यक्षात मात्र याचा परिणाम असमान होतो. कनिष्ठ सेवक बहुधा सापळ्यात सापडतो व तेथे मान्यतेचा प्रश्न येत नाही. धोरण, कंत्राट वा भूखंड यांविषयीचे निर्णय घेणाऱ्या वरिष्ठाविरुद्धचा आरोप कागदोपत्री असतो व त्याच्या चौकशीस मान्यता लागते.

दुसरी मर्यादा एकोणिसाव्या कलमाची. न्यायालयाने अपराधाची दखल घेण्यापूर्वी त्या लोकसेवकास पदावरून दूर करण्यास सक्षम असलेल्या प्राधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक असते. २०१८ पासून हे संरक्षण निवृत्त सेवकांनाही मिळाले. मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत व अपवाद म्हणून आणखी एका महिन्यात व्हावा, अशी तरतूद आहे. तथापि मुदत उलटल्यास मंजुरी मिळाली असे मानावे, असे अधिनियमात म्हटलेले नाही.

मंजुरीच्या प्रश्नाचा महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला खटला म्हणजे रामदास नायक विरुद्ध अब्दुल रहमान अंतुले हा होय. सिमेंटच्या वाटपाच्या संदर्भात न्यासास मिळालेल्या देणग्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये प्रतिकूल निर्णय दिल्यावर अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याविरुद्धच्या खासगी फिर्यादीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दोन महत्त्वाचे निर्णय दिले : भ्रष्टाचाराच्या अपराधाबद्दल कोणताही नागरिक फिर्याद दाखल करू शकतो, आणि ज्या पदाचा दुरुपयोग झाल्याचा आरोप आहे, ते पद सोडल्यानंतर मंजुरीची गरज उरत नाही. यांपैकी दुसरे तत्त्व २०१८ च्या सुधारणेने बदलले. खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आपलाच आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८८ मध्ये रद्द केला. विधिमंडळाचा सदस्य लोकसेवक नव्हे, हे १९८४ चे मत जुन्या व्याख्येवर आधारित होते. १९८८ च्या अधिनियमानुसार तो लोकसेवक ठरतो. मत वा भाषण यांसाठी लाच घेणाऱ्या सदस्यास विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सीता सोरेन खटल्यात स्पष्ट केले.

खटला व खातेनिहाय कारवाई : या अपराधांचे खटले विशेष न्यायाधीशासमोर चालतात. खटला दोन वर्षांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा व वाढीव मुदतींसह तो साधारणतः चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे २०१८ च्या सुधारणेत म्हटले आहे. फौजदारी खटल्याखेरीज राज्य सेवकावर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये विभागीय चौकशी होते. खटल्यात संशयातीत पुरावा लागतो, तर विभागीय चौकशीत संभवनीयतेच्या पातळीवरील पुरावा पुरतो. म्हणून न्यायालयातून सुटलेला सेवकही सेवेतून दूर होऊ शकतो. उलट, अन्वेषण विभागाने सेवकास पकडले तरी त्याचे निलंबन करणे वा त्यास पुन्हा कामावर घेणे हा निर्णय नियुक्ती करणाऱ्या प्राधिकाऱ्याचाच असतो.

दक्षता आयोग, लोकपाल व लोकायुक्त : केंद्रीय दक्षता आयोगास सर्वोच्च न्यायालयाच्या विनीत नारायण खटल्यातील १९९७ च्या निर्णयानंतर २००३ च्या अधिनियमाने वैधानिक दर्जा मिळाला. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत केंद्रीय अन्वेषण विभागावर त्याची देखरेख असते. शिस्तभंगाच्या प्रकरणांत त्याचे काम सल्ला देण्याचे आहे. सल्ला डावलल्यास शासनाने कारणे नोंदवावी लागतात.

लोकायुक्ताचे पद प्रत्यक्षात प्रथम महाराष्ट्रात निर्माण झाले. महाराष्ट्र लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम, १९७१ हा १९७२ मध्ये अंमलात आला. त्यान्वये लोकायुक्त मंत्री व सचिव यांच्याविरुद्ध, तर उपलोकायुक्त अन्य सेवकांविरुद्ध आरोप व गाऱ्हाणी यांची चौकशी करतो. चौकशीअंती तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे शिफारस करतो. समाधानकारक कार्यवाही न झाल्यास राज्यपालांना विशेष अहवाल पाठवितो व तो विधिमंडळापुढे मांडला जातो. शिफारस बंधनकारक नसणे व मुख्यमंत्री कक्षेबाहेर असणे, या तीतील प्रमुख उणिवा मानल्या गेल्या. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या २०११ मधील दिल्लीतील उपोषणांनंतर लोकपाल व लोकायुक्त अधिनियम, २०१३ संमत झाला. पहिल्या लोकपालांची नियुक्ती मार्च २०१९ मध्ये झाली. महाराष्ट्र विधानसभेने २०२२ मध्ये व विधान परिषदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या नव्या लोकायुक्त विधेयकाने मुख्यमंत्र्यांचाही अंतर्भाव केला [⟶ लोकपाल, लोकायुक्त].

शेजारच्या कर्नाटकात, म्हणजेच बेळगाव-निपाणीसारख्या मराठी भाषक सीमाभागातही, १९८४ च्या अधिनियमाखालील लोकायुक्ताकडे स्वतःची पोलीस शाखा आहे. २०१६ मध्ये तेथील शासनाने ते अधिकार आपल्या अखत्यारीतील नव्या विभागाकडे दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द करून अधिकार लोकायुक्तास परत दिले. परदेशांत सिंगापूरची १९५२ मधील आणि हाँगकाँगची १९७४ मधील संस्था नमुनादाखल सांगितल्या जातात. हाँगकाँगची संस्था पोलीस दलापासून स्वतंत्र असून अन्वेषण, प्रतिबंध व लोकशिक्षण अशा तीन शाखांतून ती काम करते.

तक्रारदाराचे संरक्षण : नागरिकाची तक्रार नसेल, तर सापळा रचता येत नाही. तक्रारदाराचे काम त्याच कार्यालयात अडलेले असते आणि पुढेही त्यास तेथेच जावे लागते, ही त्याची खरी भीती असते. तक्रारीनंतर त्याचे वैध काम पूर्ण व्हावे, म्हणून विभाग संबंधित कार्यालयाकडे पाठपुरावा करतो. व्यापक गैरव्यवहार उघड करणाऱ्यांचा धोका याहून गंभीर असतो. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळविणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये गया येथे, तर माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे खून झाला. दुबे यांच्या मृत्यूनंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगास तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून तक्रार स्वीकारण्याचा अधिकार देण्यात आला.

मूल्यमापन : सापळ्यांच्या संख्येवरून यंत्रणेचे यश मोजण्याची प्रथा आहे, पण सापळा हा मागणी झाल्यानंतरचा उपाय आहे. मागणीस वाव देणारा विलंब व संदिग्धता कमी करणारे कायदे, उदा., माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आणि ठराविक मुदतीत सेवा देण्याचे बंधन घालणारा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५, हे या यंत्रणेस पूरक आहेत. दाखला किंवा उतारा कोणत्या दिवशी मिळणार, हे नागरिकास आधीच ठाऊक असल्यास तो लवकर देण्याच्या नावाखाली पैसे मागण्यास जागा उरत नाही.

वरिष्ठ पातळीवरील भ्रष्टाचारासंबंधी प्रश्न वेगळा आहे. तेथे पूर्वमान्यता, मंजुरी आणि अन्वेषण अधिकाऱ्यांच्या नियुक्त्या व बदल्या हे तिन्ही अधिकार शासनाकडे एकवटलेले आहेत. त्यांपैकी एखादा अधिकार शासनाकडे राहणे समर्थनीय ठरू शकेल. तिन्ही राहिल्यास यंत्रणेचे स्वातंत्र्य शासनकर्त्यांच्या इच्छेवर अवलंबून राहते. अन्वेषण अधिकाऱ्यांचा कार्यकाल निश्चित करणे, मंजुरी नाकारल्यास तिची कारणे प्रसिद्ध करणे व मुदत पाळली न गेल्यास त्याचे परिणाम कायद्यात नमूद करणे, हे उपाय प्रामाणिक सेवकाचे संरक्षण कमी न करताही योजता येण्याजोगे आहेत. तोपर्यंत ही यंत्रणा तलाठ्याच्या वा लिपिकाच्या मेजापर्यंत जितक्या सहजतेने पोहोचते, तितक्या सहजतेने ती धोरण ठरविणाऱ्यांच्या दालनापर्यंत पोहोचेल, असे म्हणता येत नाही [⟶ भ्रष्टाचार, लोकप्रशासन].